मालिकेतल्या घरात तिलाही नांदू द्या : मराठी वाहिन्यांना एक खुले पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, मालिकांचे निर्माते आणि कथा-पटकथा-संवाद लिहिणारे लेखक-लेखिका यांस

विषय : दैनंदिन मालिकांमध्ये लेस्बियन स्त्रीचे पात्र असण्याबाबत

स.न.वि.वि.

मराठी मालिका मी ‘आभाळमाया’च्या काळापासून पाहते आहे, आपल्यापैकी एका वाहिनीचे नाव तेव्हा अल्फा मराठी होते. या पाव शतकात आपण मराठी घरासमोर पुष्कळ काही मांडले आहे. नवऱ्याचे बाहेरचे संबंध हा विषय ‘माझ्या नवऱ्याची बायको’ने २०१६ ते २०२१ या काळात रोज रात्री जेवणाच्या ताटासमोर आणून ठेवला, आणि कोणाचा घास घशात अडकल्याचे ऐकिवात नाही. ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीने मोठ्या झालेल्या तीन मुलांची आई असताना घटस्फोट घेतला, पुढे दुसरे लग्नही केले, आणि ज्या घरांत घटस्फोटित लेकीला सणाला बोलवावे की नाही यावर खल चालत असे, त्याच घरांतल्या बायकांनी तिची बाजू घेतली. आपले प्रेक्षक जुन्या वळणाचे आहेत, त्यांना असले काही झेपणार नाही, हे जे आपल्या बैठकांमध्ये बोलले जात असावे, त्याला आपल्याच मालिकांनी वारंवार खोटे पाडले आहे.

एवढे सगळे होऊनही, मला आठवणाऱ्या कोणत्याही गाजलेल्या मराठी मालिकेत, आत्या-मावशा, जावा-नणंदा, सुना आणि चुलत-मावस भावंडांनी भरलेल्या त्या प्रशस्त घरांत, एका स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री नांदलेली नाही. एखादी तरुणी दुसऱ्या तरुणीवर जीव लावते आणि त्यातून उभा राहणारा पेच महिनोन्‌महिने कथानकाचा मुख्य धागा होऊन चालतो, हे आपण अजून लिहिलेले नाही. ते का लिहायला हवे आणि दैनंदिन मालिकेतच का लिहायला हवे, एवढेच या पत्रात मांडायचे आहे.

दैनंदिन मालिका हा प्रकार घराभोवती फिरतो. सासर, माहेर, स्थळ, बघण्याचा कार्यक्रम, घरातल्या मोठ्यांचा शब्द आणि त्यापुढे तरुण मुलीची इच्छा, याच मसाल्यावर तुमची शेकडो भागांची गाडी चालते. आणि आपल्या समाजात लेस्बियन मुलीवर जे गुदरते ते बहुतेक वेळा घराच्या चार भिंतींतच गुदरते. शिकत असताना, नोकरीच्या पहिल्या वर्षी, दोन मुली एका खोलीत राहतात, एका ताटात जेवतात, एकमेकींच्या घरी दिवाळीला जातात आणि कोणाच्या मनात काही येत नाही, उलट आयांना बरेच वाटते की पोरीला चांगली सोबत आहे. लग्नाचे वय आले की मात्र हे सगळे फिरते. पत्रिका बाहेर पडते, स्थळे येऊ लागतात, मुलगी नाही म्हणते, का नाही याचे उत्तर तिला देता येत नाही, मग कोणीतरी तिचा मोबाइल उघडते. त्यानंतरचा क्रम ठरलेला असतो : नोकरी बंद, फोन काढून घेणे, मामाच्या गावी रवानगी, कुलदैवताला साकडे, एखादा ओळखीचा डॉक्टर, आणि मुलगी निसटून मैत्रिणीकडे पोहोचलीच तर पोलीस ठाण्यात हरवल्याची किंवा पळवून नेल्याची तक्रार. दोघी सज्ञान असल्या तरी ठाण्यातला अधिकारी त्यांना ‘समजावून’ आईवडिलांच्या ताब्यात देतो.

हे मी कल्पनेने रंगवत नाही. न्यायालयाच्या निकालपत्रांत हे सगळे लिहिलेले आहे. मदुराईहून चेन्नईला आलेल्या दोन तरुणींच्या आईवडिलांनी अशाच हरवल्याच्या तक्रारी केल्या, तेव्हा त्या दोघी मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकाल देण्याआधी, आपल्याला हा विषय पुरेसा कळत नाही असे मोकळेपणाने नोंदवून, स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे बसून तो समजून घेतला आणि ७ जून २०२१ रोजी पोलिसांनी, डॉक्टरांनी, शाळांनी काय करावे आणि काय करू नये याचे सविस्तर आदेश दिले. त्याच न्यायालयासमोर मे २०२५ मध्ये एका पंचवीस वर्षांच्या तरुणीचे प्रकरण आले. पोलिसांनी तिला जबरदस्तीने घरच्यांच्या हवाली केले होते, घरी तिला मारहाण झाली होती आणि ती ‘नीट’ व्हावी म्हणून काही विधी करायला लावले होते, असे तिने सांगितले. न्यायालयाने तिला मुक्त तर केलेच, शिवाय कुटुंब उभे करण्याचा लग्न हा एकच मार्ग नाही, स्वतः निवडलेले कुटुंब हेही कुटुंबच, असे म्हटले. प्रत्येक आई न्यायमूर्ती लीला सेठ यांच्यासारखी नसते, असेही त्या निकालात एक वाक्य आहे. त्यांचे पुत्र लेखक विक्रम सेठ समलिंगी असल्याचे आपल्याला माहीत असेलच. मुलाच्या बाजूने त्या माउलीने जाहीरपणे लिहिले होते. दरम्यान मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, अशा प्रकरणांत समुपदेशनाच्या नावाखाली त्या व्यक्तीचे मन वळवण्याचा उद्योग न्यायालयांनी करू नये, अशी तंबी दिली.

आता विचार करा, या एकेका प्रकरणात तुमच्या लेखकाला हवे ते काय नाही? बंद दाराआडची लेक आहे, दाराबाहेर रडणारी आणि तरीही कडी न काढणारी आई आहे, मोठ्या आवाजाचा काका आहे, पोलीस ठाण्यातला प्रसंग आहे, न्यायालयातला प्रसंग आहे. कथानकात ओढूनताणून काही आणावे लागत नाही.

हे चित्र सिनेमात आणि ओटीटीवर येऊ लागले आहे, मग मालिकेचा आग्रह कशाला, असे आपण म्हणाल. २०२१ मधली ‘द मॅरिड वुमन’ ही हिंदी मालिका आणि २०२२ मधला ‘बधाई दो’ हा चित्रपट या दोन्हींचे मला अप्रूप आहे. पण ओटीटी माणूस एकटा पाहतो. जिला ते पाहायची ओढ आहे ती मुलगी खोलीचे दार लोटून, कानात इअरफोन घालून पाहते, आणि जिने ते पाहायला हवे ती तिची आई त्या वेळी बाहेरच्या खोलीत तुमची मालिका पाहत असते. त्या दोघींच्या मध्ये जी भिंत आहे तिच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी ऐकू जाईल असे आज मराठीत एकच माध्यम उरले आहे, आणि ते तुमच्या हातात आहे.

मी स्वतः अशीच एक स्त्री आहे, हे इथे सांगून टाकते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, त्या संध्याकाळी मी आईकडे होते. बातम्यांत त्यावर चर्चा चालू होती. आई गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. तिने चर्चेतला एकही शब्द उचलला नाही, की नाक मुरडले नाही. साडेसात झाल्यावर रिमोट घेतला आणि मालिका लावली. तिथे एक सून सासूशी खोटे बोलली होती. त्यावर मात्र आई भाजी फोडणीला पडेपर्यंत बोलत होती : ती खोटे का बोलली, तिचा नाइलाज कसा होता, सासूने आधीच विश्वासात घेतले असते तर ही वेळ आली नसती. निकालातली माणसे तिच्या लेखी परकी होती आणि ही सून तिच्या घरातली होती. ज्या सुनेचा खोटेपणा ती इतक्या समजुतीने उलगडू शकते, तिच्या जागी बाईवर प्रेम करणारी एखादी मुलगी असती, तर आई तिच्याविषयीही बोलली असती, कदाचित रागाने बोलली असती, पण त्या घरात तो विषय निघाला असता आणि मला त्यात एखादे वाक्य घालता आले असते.

मराठीला हा विषय नवा आहे असेही नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले, विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली, आणि त्यातली मित्रा रोहिणी हट्टंगडी यांनी उभी केली. या विषयाची कुजबूजही फारशी नव्हती, त्या काळात आपल्याकडे एक व्यावसायिक अभिनेत्री हे पात्र प्रेक्षकांसमोर ताठ मानेने वावरवत होती. तेंडुलकरांच्याच कथेवरून रवी जाधव यांनी ‘मित्रा’ हा लघुपट केला, तो ‘बायोस्कोप’मध्ये २०१५ साली पडद्यावर आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हणजे वारसा आपल्याकडे आहे. मात्र नाटकातल्या मित्राचा शेवट आत्महत्येत होतो, आणि या बाबतीत १९८१ चे मराठी नाटक आणि नंतरची इंग्लंड-अमेरिकेतली टीव्ही मालिका एकाच वाटेने चालताना दिसतात.

ही वाट जरा तपशिलात सांगण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये ‘ब्रुकसाइड’ नावाची लिव्हरपूलच्या एका गल्लीत घडणारी मालिका होती. जानेवारी १९९४ मध्ये तिच्यातल्या बेथ जॉर्डॅश या तरुणीने आपल्या मैत्रिणीचे चुंबन घेतले. मुलांनी टीव्ही पाहण्याच्या वेळेत ब्रिटिश पडद्यावर दोन स्त्रियांचे असे चुंबन पहिल्यांदाच दिसले आणि त्याची एवढी नोंद झाली की २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटन सोहळ्यातही त्याची क्षणभर झलक दाखवली गेली. पण बेथचे पुढे काय झाले? पुढच्याच वर्षी मालिकेने तिला तुरुंगात मारून टाकले. अमेरिकेत ‘बफी’ या मालिकेत २००२ मध्ये विलो या तरुणीची प्रेयसी टारा दुसऱ्याच कोणासाठी झाडलेल्या गोळीने मेली. चौदा वर्षांनी, ३ मार्च २०१६ रोजी, ‘द हंड्रेड’मधली लेक्सा ही टोळीप्रमुख तिच्या प्रेयसीसोबतच्या पहिल्या सुखाच्या क्षणानंतर लगेच, पुन्हा दुसऱ्यासाठीच झाडलेल्या गोळीने मेली. मारणाऱ्यालाही जिचा खून करायचा नव्हता अशा दोन स्त्रिया लेखकांनी मारल्या. लेक्साच्या वेळी मात्र प्रेक्षक मुली गप्प बसल्या नाहीत. त्यांनी निषेध तर केलाच, पण आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मोठी रक्कम उभी करून दिली; मालिकेच्या प्रमुखाला जाहीर माफी मागावी लागली आणि कॅनडातल्या काही मालिकालेखकांनी अशी पात्रे केवळ दुसऱ्या कोणाच्या कथेला धक्का देण्यासाठी मारणार नाही, असे लेखी वचन दिले. काल्पनिक पात्राच्या मरणाने इतके का लागावे, असा प्रश्न त्या वेळी पुष्कळांनी विचारला. पडद्यावर आपल्यासारखी एकच दिसत असेल आणि तिचाही दरवेळी बळी जात असेल, तर सोळा वर्षांची मुलगी त्यातून स्वतःच्या भविष्याविषयी काय निष्कर्ष काढेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

याच्या उलट उदाहरण अर्जेंटिनाचे आहे आणि ते आपल्या फार जवळचे आहे. ‘लास एस्त्रेयास’ ही २०१७ मधली तिथली रोजची मालिका. वडील मरतात, मृत्युपत्रात वेगवेगळ्या आयांच्या पाच मुलींवर एक हॉटेल सोपवून जातात आणि अट घालतात की वारसा हवा असेल तर पाचही जणींनी एकत्र येऊन ते चालवायचे. मृत्युपत्र, सावत्र बहिणी, मालमत्ता, रुसवेफुगवे. हे आपल्याकडे साडेआठच्या स्लॉटला सहज खपले असते. त्या पाचांतली फ्लोरेन्सिया हसमिन नावाच्या स्त्रीच्या प्रेमात पडते. तिचे गोंधळणे, स्वतःपासून पळणे, बहिणींना कळणे हे सगळे बाकीच्या चार बहिणींच्या प्रेमप्रकरणांच्या बरोबरीने, त्यांच्याच मापाने, रोज थोडे थोडे येत राहिले, आणि शेवटी त्या दोघींचे लग्न झाले. त्या देशात समलिंगी विवाह २०१० पासून कायदेशीर असल्याने लेखकांचे काम थोडे सोपे होते, हे मान्य. पण प्रेक्षकांनी त्या जोडीला डोक्यावर घेतले ते कायद्यामुळे नव्हे. रोज भेटणाऱ्या माणसाचा लळा लागतो म्हणून.

आपली भीती मला कळते. १९९८ च्या डिसेंबरमध्ये दोन जावांच्या प्रेमाची गोष्ट सांगणाऱ्या ‘फायर’ चित्रपटाच्या वेळी मुंबईतली चित्रपटगृहे फोडली गेली, दिल्लीतही तेच झाले, चित्रपट पुन्हा सेन्सॉर मंडळाकडे पाठवला गेला. फेब्रुवारी १९९९ मध्ये मंडळाने तो पुन्हा एकही काट न सुचवता संमत केला, हे मात्र फोडाफोडीइतके लक्षात ठेवले गेले नाही. दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहाबाहेर ‘भारतीय आणि लेस्बियन’ असा फलक घेऊन मेणबत्त्यांच्या उजेडात उभ्या राहिलेल्या बायकाही नाही. अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२१ मध्ये, दोन स्त्रिया एकमेकींसाठी करवा चौथ करताना दाखवणारी एक सौंदर्यप्रसाधनाची जाहिरात मध्य प्रदेशाच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा देताच मागे घेतली गेली. जाहिरातदार घाबरले की वाहिनी घाबरते, हे गणित मला कळते. पण कायद्याचे कारण आता पुढे करता येणार नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधला सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरता भाग रद्द झाला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. राहिला कार्यक्रम संहितेतल्या सुरुची आणि सभ्यतेचा मुद्दा. वाहिन्यांवरील तक्रारी ऐकण्यासाठी आपल्याच उद्योगाने २०११ मध्ये जी परिषद स्थापन केली, तिचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा होते, आणि २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून पहिल्यांदा बाहेर काढणारा निकाल त्यांच्याच खंडपीठाचा होता. या विषयाला सभ्यतेबाहेरचा ठरवणे आपल्या उद्योगाच्या इतिहासालाच धरून होणार नाही.

शिवाय यात चुंबन दाखवा असे कोणीच म्हणत नाही. आपल्या मालिकांतली नवराबायकोही वर्षानुवर्षे एकमेकांच्या हातावर हात ठेवून संसार करतात, तेवढ्याच मर्यादेत या दोघींनाही राहू द्या. मंगळागौरीच्या रात्री फुगडी घालताना एक हात दुसऱ्या हातात जरा जास्त वेळ राहतो, हे टिपायला तुमच्या दिग्दर्शकाला सेन्सॉरची परवानगी लागत नाही. माझी तक्रार दुसऱ्याच गोष्टीची आहे. असे पात्र आलेच तर ते महाएपिसोडला येऊन भाषण ठोकून जाणारे पाहुणे म्हणून येईल, किंवा नायिकेच्या संसारात विष कालवणारी केस कापलेली खलनायिका म्हणून येईल, किंवा एखाद्या भल्या पुरुषाच्या प्रेमाने अखेर ‘सुधारेल’, अशी मला धास्ती वाटते. या तिसऱ्या प्रकाराविषयी विशेष सावध राहावे ही विनंती. माणसाचा लैंगिक कल बदलण्याचे उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले आहे. जे डॉक्टरने करू नये ते नायकानेही करू नये.

ती दक्षिण मुंबईच्या उंच इमारतीत राहणारी, इंग्रजीत विचार करणारी असण्याचीही गरज नाही. ती मिरजेच्या रुग्णालयातली परिचारिका असू शकते, एसटीची वाहक असू शकते, इचलकरंजीतल्या यंत्रमागवाल्याची धाकटी लेक असू शकते. दोन महिला पोलीस शिपायांनी मध्य प्रदेशात लग्न केले आणि नोकरी गमावली ती १९८७-८८ च्या सुमाराची गोष्ट; तेव्हा इंटरनेट नव्हते आणि त्यांना कोणी परदेशी विचार शिकवायला गेले नव्हते. तुमच्या लेखकांना प्रसंग हवे असतील तर ते सरकारी कागदांतही सापडतील. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले की अशा जोडप्याला शिधापत्रिकेसाठी एकच कुटुंब मानावे, आणि त्यांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व त्या खात्यावर एकमेकींना नॉमिनी म्हणून नेमण्यास आडकाठी नाही. एका तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात दोन बायका खिडकीसमोर उभ्या आहेत, कारकून विचारतो आहे ‘कुटुंबप्रमुखाशी नाते काय?’ आणि मागे रांगेत त्यांच्याच गल्लीतली एक काकू कान टवकारून उभी आहे. हा प्रसंग लिहायला मिळावा म्हणून मी मालिकालेखक असते तर भांडले असते.

लिहिण्याआधी ज्यांचे आयुष्य आहे त्यांच्याशी बोला. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ या नावाने सुरू झालेला आणि पुढे ‘लेबिया’ म्हणून ओळखला गेलेला गट या स्त्रियांसोबत इतकी वर्षे काम करतो आहे. घरातून पळालेल्या मुलीला पहिल्या रात्री काय लागते, हे अशा गटांतल्या कार्यकर्त्या तुमच्या संशोधन विभागापेक्षा चांगले सांगतील. लेखनाच्या टेबलाशी एखादी लेस्बियन लेखिका बसवता आली तर उत्तमच.

आणि त्या पात्राला वेळ द्या. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि दोन आठवडे ते खाली गेले की ट्रॅक गुंडाळला जातो, हे प्रेक्षकांनाही आता कळते. कालपर्यंत घरात असलेली मुलगी अचानक ‘शिक्षणासाठी बंगळूरला’ गेली की आम्ही समजून जातो. या मुलीला बंगळूरला पाठवू नका, अपघातात मारू नका, लीप घेऊन विसरू नका. निदान एक वर्ष तिला त्या घरात राहू द्या, तिच्या आईचे आणि तिचे भांडण पुरते होऊ द्या, आणि येत्या वर्षात आपल्यापैकी कोणती वाहिनी हे करणार आहे ते प्रेक्षकांना जाहीरपणे कळवा, एवढी विनंती.

कळावे,
आपली,
एक नियमित प्रेक्षक